गाणं गाजलं तेव्हा बँडच उरला नव्हता

माझी रिंगटोन वाजली की कुणीतरी विचारतंच, ‘हे गाणं कुणाचं?’ ‘टाइम ऑफ द सीझन’, साठच्या दशकातल्या झॉम्बीज या इंग्लिश बँडचं. मग पुढचा प्रश्न ठरलेला: इतकं सुरेख गाणं करणारी मंडळी वेगळी का झाली? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्सची ही पाच शाळकरी पोरं. १९६४ साली ‘शीज नॉट देअर’ आलं आणि अमेरिकेत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पुढची बरीच गाणी मात्र पडली, आणि पोटाचा प्रश्न उभा राहिला. गाणं लिहिणाऱ्याला रेकॉर्ड विकली, रेडिओवर वाजली की पैसे मिळत राहतात. लिहायचे ते रॉड आर्जंट आणि ख्रिस व्हाइट. गायक कॉलिन ब्लन्स्टन, गिटारवाला पॉल अॅटकिन्सन, ड्रमर ह्यू ग्रंडी यांची भिस्त कार्यक्रमांच्या बिदागीवर, आणि कार्यक्रम आटत चालले होते. माझ्या मते बँड मोडला तो इथे. भांडण हे कारण नव्हेच.

आता जमेल तसा एक अल्बम मनासारखा करू, असं ठरवून १९६७च्या उन्हाळ्यात ते अॅबी रोडच्या स्टुडिओत शिरले. बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम तिथेच नुकता संपवला होता. बजेट हजार पौंडांचं. स्टिरिओ मिक्सचा खर्च रॉड आणि ख्रिसनं पदरचा केला. हेडफोन लावून ‘टाइम ऑफ द सीझन’ची सुरुवात ऐका: बेस, टाळी, आणि लगेच सोडलेला एक श्वास. तो श्वास कानाशी येतो तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो. ते गाताना कॉलिन वैतागून रॉडला म्हणाला होता, एवढं कळतंय तर तूच गा!

डिसेंबरात बँड मोडला. अल्बम आला एप्रिल १९६८मध्ये, नाव ‘ओडिसी अँड ओरॅकल’, आणि मुखपृष्ठावर ‘ओडिसी’चं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं. इंग्लंडमध्ये कुणी ढुंकून पाहिलं नाही. अमेरिकेत अल कूपर या संगीतकारानं रेकॉर्ड कंपनीकडे आग्रह धरला म्हणून तो तिकडे निघाला, आणि १९६९च्या मार्चमध्ये हे गाणं तिसऱ्या क्रमांकावर पोहोचलं.

परत या, म्हणून बोलावणी आली. पण रॉड आणि ख्रिस नव्या बँडच्या कामाला लागले होते. कॉलिन तर मधल्या काळात विमा कंपनीत कारकुनी करून आला होता. ते गेले नाहीत. अमेरिकेत भाऊसाहेबांच्या तोतयासारखे तोतये झॉम्बीज गावोगाव फिरले, आणि लोकांनी तिकिटं काढून त्यांना ऐकलं.