जुळवणीचा अर्धा तास

सोमवार

पाऊस लागून राहिलाय. चार दिवस ऊन नाही, त्यामुळे तानपुऱ्याच्या खुंट्या फुगून गच्च बसल्यात. अशा हवेत खुंटीशी झटापट करू नये. जोर लावला की ती एकदम सुटते, तार झटक्यात वर चढते आणि तुटते. खुंटी आधी तार उतरेल अशी केसभर उलटी फिरवून सैल करायची, मग आत दाबत दाबत हळू चढवायची. उन्हाळ्यात तक्रार नेमकी उलटी. लाकूड आकसतं, खुंटी धरत नाही, जुळवलेली तार डोळ्यांदेखत उतरते. तेव्हा खुंटी काढून तिला खडूची पूड चोळली की भागतं. तेलाचं बोट मात्र तिला कधी लावू नये.

एरवी पंधरा मिनिटांत जुळणारं वाद्य अशा दिवशी अर्धा तास घेतं. या अर्ध्या तासाला कामाच्या कुठल्याच वहीत रकाना नाही. गाणं अजून सुरू झालेलं नाही, म्हणून तो रियाज नाही. आणि हात-कान गुंतलेले आहेत, म्हणून विश्रांतीही नाही. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की एक धडधाकट माणूस तीच तार पुन्हा पुन्हा छेडत बसलाय. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, ती ही भिंत.

क्रम लिहून ठेवतो, कारण घाईत नेमका तोच चुकतो. आधी मणी. घोडी (तारा जिच्यावरून जातात ती रुंद पट्टी) आणि लंगोट (तळाशी तारा जिथे अडकवतात ती पट्टी) यांच्यामध्ये तारेत ओवलेले मणी घोडीच्या बाजूला आणून ठेवायचे. मणी लंगोटाकडे सरकवला की तार चढते, म्हणून पुढे सरकायला जागा शिल्लक हवी. बरेच जण मणी तळाला टेकलेला असतानाच जुळवायला घेतात आणि शेवटच्या बारीक फरकासाठी पुन्हा खुंटीला हात घालतात. तिथेच दहा मिनिटं जातात.

मग जोडीची, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांपैकी, पहिली तार षड्जाला लावायची. दुसरी तिच्याशी. दोन्ही जवळ आल्या की आवाजात हेलकावा ऐकू येतो: आधी भरभर, मग संथ, मग इतका लांब की हेलकावा आहे की आपला श्वास, ते कळेनासं होतं. तो पूर्ण थांबला की जोड लागली. त्यानंतर खर्जाची तार, एक सप्तक खाली. पंचम सगळ्यांत शेवटी. आणि एवढं झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून, कारण दांडी पोकळ असते, तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, पातळ असते. एका तारेचा ताण वाढला की दोन्ही अंशभर वाकतात आणि आधी लावलेल्या तारा किंचित उतरतात. दोन फेऱ्या लागतातच. नव्या तारा असतील तर चार, आणि पहिले काही दिवस त्या रोज उतरणार हे धरूनच चालायचं.

मालकंस राग गायचा तर पंचमाच्या जागी मध्यम. मारवा, पूरिया असेल तर निषाद. म्हणजे आज काय गायचं हे ठरल्याशिवाय पहिली तारही लागत नाही, आणि पुष्कळदा जुळवता जुळवताच ते ठरतं.

मंगळवार

सगळ्या तारा सुरात, तरी आवाज मुका. हा दोष जवारीचा, म्हणजे तार घोडीवर जशी टेकते त्या बसणीचा.

घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो, पण नसतो. त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर टेकते आणि सुटते, टेकते आणि सुटते. त्यामुळे एका तारेतून तिच्या वरचे सूर, म्हणजे दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे, आळीपाळीने उमलत राहतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला सुती किंवा रेशमी दोरा हे टेकणं नेमकं कुठे व्हावं ते ठरवतो. तार छेडत राहायची आणि दोरा दोन्ही टोकांना धरून पुढेमागे हलवायचा. एका जागी आवाज बंद, जरा पुढे कर्कश, आणि मध्ये कुठेतरी मिलिमीटरभर पट्ट्यात तो एकदम उघडतो. ती जागा डोळ्यांना सापडत नाही. चारही तारांना वेगळा दोरा, प्रत्येकाची जागा वेगळी, आणि तार चढवली-उतरवली की ती बदलते.

१९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी वीणा आणि तानपुरा यांच्या घोडीवर निबंध लिहिला. तार जिथे छेडावी, त्या बिंदूवर ज्यांची गाठ, म्हणजे न हलणारी जागा, पडते ते सूर त्या तारेतून ऐकू येऊ नयेत, असा जुना नियम. या वाद्यांतून ते ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. नियम मोडतो तो घोडीच्या त्या उतारामुळे. म्हणजे मिरजेतल्या कारागिरांनी निबंध निघण्याच्या कित्येक वर्षं आधी कानस आणि कान यांच्या जोरावर हे जमवलेलं होतं.

मिरजेची गोष्ट मला नेहमी थोडी गमतीची वाटते. तिथली वाद्यं करणारी सतारमेकर घराणी मूळची शिकलगार, शस्त्रांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारीचं काम आटत गेलं आणि तेच हात सतारी-तानपुऱ्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा येतो मंगळवेढ्याच्या बाजूचा. खायचा नव्हे, कडू, जाड सालीचा. पिकवणाऱ्याच्या ताटात त्याचा काही उपयोग नाही. वेलीवरच तो पुरता पोसू द्यायचा, मग महिनोन् महिने वाळवायचा. घाई केली तर साल आतून ओलसर राहते आणि पुढे चिरते.

जवारी काढणं हे तर थेट वेळेचंच काम. कानशीने दोन-चार हात मारायचे, तारा चढवायच्या, ऐकायचं, उतरवायच्या, पुन्हा कानस. एका घोडीला अर्धा दिवस सहज जातो. यात घाई चालत नाही याचं कारण अगदी साधं आहे: घासून गेलेलं परत येत नाही. पुढची कड जास्त गेली की आवाज चिरका आणि आखूड होतो, आणि तो दुरुस्त करायला अख्खी घोडी खाली घ्यावी लागते. वापराने तारा घोडीत बारीक खाचा पाडतात, म्हणून जवारी अधूनमधून काढावीच लागते. स्वतः कानस घेऊन बसू नये.

बुधवार

दमट हवा. दोरे सकाळच्या जागेवर संध्याकाळी लागले नाहीत.

गुरुवार

आठवड्याला सत्तर तास काम करावं, असं २०२३ मध्ये एका बड्या उद्योजकाने सुचवलं. २०२५ च्या सुरुवातीला दुसऱ्याने आकडा नव्वदावर नेला. त्यावर भरपूर वाद झाला, आणि त्यात विरोधकांचा एक मुद्दा मला जास्त खटकला. माणसाला छंद असले, विश्रांती मिळाली, की तो सोमवारी जास्त चांगलं काम करतो, असं ते सांगत होते. म्हणजे गाणंही शेवटी कंपनीच्याच खात्यात जमा. तानपुरा म्हणजे मोबाइलचा चार्जर नव्हे. सोमवार वाईट गेला तरी रविवारचा मालकंस वाया गेला असं होत नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून झगडत होते. रविवार हा खंडोबाचा वार, हेही एक कारण मागणीत होतं, अशी आठवण सांगितली जाते. मला ते कारण आवडतं. सुट्टी हवी ती थकवा घालवून पुन्हा साच्यावर उभं राहण्यापुरती नाही, तर देवासाठी, भंडाऱ्यासाठी, ज्याचा गिरणीशी काडीचा संबंध नाही अशा गोष्टीसाठी.

वारकऱ्यांनी तर हे कधीच सोडवून ठेवलंय. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीवर टेकवत नाहीत. विणेकरी पहारा घेतो, दोन-तीन तास ती गळ्यात घेऊन उभा राहतो, मग दुसऱ्याच्या गळ्यात जाते. भर पावसाळ्यात, शेतात कामं असताना, गावातली माणसं रात्री दोनच्या पहाऱ्याला नाव देतात. त्या वेळी समोर श्रोता असेलच असं नाही. कीर्तन दुसरा करतो, टाळ तिसरे धरतात. विणेकऱ्याने फक्त सूर चालू ठेवायचा. आणि मान पहिला त्याला. गावात त्याला कोणी रिकामटेकडा म्हणत नाही.

शनिवार

यंत्रातला तानपुरा वाईट असतो, असं मी म्हणणार नाही. प्रवासात तो हवाच. पावसाळ्यात तो उतरत नाही, बसमध्ये त्याचा भोपळा फुटत नाही, भाड्याच्या दोन खोल्यांत तो कोपरा अडवत नाही. फोनवरचा तर चहाला आधण येण्याआधी सुरू होतो. ज्याच्याकडे दिवसाला वीसच मिनिटं आहेत, त्याने ती खुंट्या पिळण्यात घालवावीत असा हट्ट धरणं हाही एक माजच.

पण काय जातं ते आकड्यांत पाहावं. काळी एक, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी, षड्ज धरली तर खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९.३ कंपनं करते. तिच्या पाचपट म्हणजे ३४६.५. हा गंधार. तो कोणी वाजवत नाही, खर्जाच्या पोटातून आपोआप निघतो. म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हार्मोनियमचा तोच गंधार ३४९.२ वर असतो. फरक सेकंदाला पावणेतीन कंपनांचा. दोन्ही एकत्र वाजले की तेवढेच हेलकावे ऐकू येतात, आणि गळा कुठल्या गंधाराला टेकवायचा हे गाणाऱ्याला ठरवावं लागतं. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दार बंद ठेवलं होतं, त्या वादात हेही भांडण होतं.

फोनवरची सूर दाखवणारी सुई हार्मोनियमच्याच हिशेबाने, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग धरून, चालते. तिच्यावर विसंबून पंचम लावला तर तो शुद्ध पंचमापेक्षा अगदी थोडा उतरलेला राहतो. किती थोडा? काळी एकमध्ये खर्जाच्या तिपटीशी त्याची दुप्पट ताडून पाहिली, तर साधारण चार सेकंदांना एक हेलकावा. सुई म्हणते बरोबर, कान म्हणतो अजून नाही. अशा वेळी सुई बाजूला ठेवून मणी तांदळाच्या दाण्याइतका लंगोटाकडे सरकवायचा. चार सेकंदांचा हेलकावा ऐकायचा तर निदान आठ सेकंद गप्प बसावं लागतं. बटण दाबून मिळणाऱ्या सुरात ही आठ सेकंदंच नसतात. तो आयता लागलेला येतो, आणि मग कान तो ऐकायचंच सोडतो; पंख्याचा आवाज आपण ऐकायचं सोडतो तसा.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी श्रुतींची, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांची, मोजमापं करून ती १९१० मध्ये छापली. प्रयोगांना गळा होता गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा. देवलांचे बावीस श्रुतींचे निष्कर्ष सगळ्यांनी मान्य केले असं नाही, आणि आजही त्यावर दोन तट आहेत. पण हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं, त्याचा पगार नव्हता. पेन्शनीत हाताशी आलेला वेळ होता आणि एक सूर दुसऱ्यापेक्षा नेमका किती वर, ही खाज होती. नोकरीत असताना त्यांनी निकाली काढलेल्या फायली आता कुठे असतील कोण जाणे.

रविवार

ऊन पडलं. खुंट्या सैलावल्या, दहा मिनिटांत जुळला.

छेडण्याबद्दल थोडं. मधलं बोट पंचमाला, उरलेल्या तीन तारांना तर्जनी. नखाने नाही, बोटाच्या पेराच्या मऊ बाजूने, आणि तार ओढायची नाही, बोट तिच्यावरून सरकत जायला हवं. जागा तारेच्या साधारण मध्यावर. घोडीजवळ छेडली की आवाज पत्र्यासारखा येतो. खर्जानंतर किंचित थांबायचं, त्याला उमलू द्यायचं, मग पुन्हा पंचम. गाण्याच्या लयीत छेडायचं नाही, ही नवख्यांची हमखास चूक. तबला सुरू झाला की बोटं त्याच्यामागे धावतात, द्रुत लयीत तर तानपुराही द्रुत होतो. त्याची चाल एकच, पहिल्या आलापापासून शेवटच्या तानेपर्यंत. साथीला बसलेल्या शिष्याला हे शिकायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तेवढ्या काळात बाकी काही न करता तो पुष्कळ काही ऐकून बसतो.

ठेवताना: रोजच्या वापरात तारा उतरवू नयेत, ताण कायम राहिला तर वाद्य सूर धरतं. प्रवासात किंवा महिनाभर बंद ठेवायचा असेल तर मात्र चारही तारा दोन-तीन सूर उतरवून ठेवाव्यात. वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर नेऊ नये. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नाही, सांधे सुटतात. भोपळ्याखाली कापडाची चुंबळ, भिंतीपासून वीतभर अंतर. दोरे काढायचे नाहीत, फक्त घोडीच्या मागे सरकवून ठेवायचे, नाहीतर गवसणी चढवताना हमखास पडतात आणि दुसऱ्या दिवशी केर काढताना सापडतात.