तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलं विमान कुठलं घेऊ?

बांधावर मोटरसायकल थांबते. पाय टेकवून माणूस वर, मी रेडिओनं उडवतो त्या छोट्या विमानाकडे, बघत राहतो आणि विमान खाली उतरलं की प्रश्न ठरलेले. कितीला पडलं? किती लांब जातं? मग जरा आवाज उतरवून, ‘आमच्या पोराला घ्यायचं झालं तर कुठलं घेऊ, सर?’ पोरगं बहुतेक वेळा निमित्तच असतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी उभ्या उभ्या देतो, तिसऱ्याचं देता देता अंधार पडतो. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

तुमच्या मनात जे आहे ते घेऊ नका. मनात सुखोई असतं, हे मला अनुभवानं माहीत आहे. तसली विमानं वेगात असेपर्यंतच शहाणी असतात आणि चूक झाली की सावरायला सवड देत नाहीत. पहिलं विमान दिसायला अगदी भोळं हवं. पंख धडाच्या वर बसवलेला, त्याची दोन्ही टोकं किंचित उचललेली, टोकापासून टोकापर्यंत पंख मीटर-सव्वा मीटर, अंग ईपीओ नावाच्या फोमचं. अशा पंखाचं विमान रेडिओवरची स्टिक, म्हणजे दांडी, सोडली की आपलं आपण सरळ व्हायला बघतं. शिवाय फोम मोडला तर झाडाखाली बसून चिकटवता येतो. पैसे रेडिओवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर, खर्च करा आणि सहा चॅनेलचा, सहा वेगवेगळ्या गोष्टी चालवता येतील असा घ्या. विमानं येतील-जातील, रेडिओ राहतो.

पण खरं सांगू? कुठलं विमान, यावर लोक महिनाभर काथ्याकूट करतात आणि उडवायच्या आधीची दहा मिनिटं त्यांना जड जातात. माझ्या पाहण्यात पडलेली बहुतेक विमानं हातातून सुटायच्या आधीच बिघडलेली होती.

माझंच घ्या. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी आणि सर्व्हो म्हणजे ती हलवणारी छोटी मोटर. आदल्या रात्री एलेरॉनचा सर्व्हो बदलला होता. सकाळी शेतात बॅटरी जोडली, स्टिक हलवली, एलेरॉन हलले. झालं की! भाच्यानं विमान फेकलं. ते जरासं डावीकडे कललं, मी उजवी दिली, ते आणखी डावीकडे गेलं. मी आणखी उजवी दिली. दोन सेकंदांत पाठीवर होऊन ते शेजारच्या उसात. एलेरॉन हलतात का, एवढंच मी पाहिलं होतं. कुठल्या बाजूला हलतात, ते पाहिलंच नव्हतं. नवा सर्व्हो उलटा फिरत होता आणि रेडिओत एक बटण दाबून ते सरळ झालं असतं.

तेव्हापासून विमानाच्या मागे उभं राहतो आणि तोंडानं म्हणत तपासतो. स्टिक उजवीकडे, उजवा एलेरॉन वर, डावा खाली. स्टिक स्वतःकडे ओढली, एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची आडवी पट्टी, वर. रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी, उजवीकडे दिला, तो उजवीकडेच वळला. भाचा हसतो. हसू दे.

दुसरी गोष्ट तोल, म्हणजे सीजी, गुरुत्वमध्य. पंखाची रुंदी पुढच्या कडेपासून मोजा आणि तिच्या २५ ते ३० टक्क्यांवर, पंखाखाली दोन्ही बाजूंना खूण करा. रुंदी २० सेंटीमीटर असेल तर खूण ५ ते ६ सेंटीमीटरवर. मी तिथे अर्धी काडेपेटीची काडी चिकटवतो, न बघता बोटाला लागते. बॅटरी आत ठेवून त्या दोन खुणांवर विमान बोटांनी उचला. आडवं राहिलं किंवा नाक किंचित झुकलं तर ठीक. शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा आणि पुन्हा उचला. शेपटीजड विमान सुटल्या सुटल्या नाक वर करतं, वेग हरवतं आणि कोसळतं. नाकजड विमान जोरात उतरतं, पण निदान ताब्यात असतं.

घरी जुळवाजुळव चालू असताना प्रोपेलर काढून ठेवा. हे मी दोनदा सांगणार नाही, माझ्या अंगठ्यावरची खूण दाखवीन. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. प्रोपेलरवर आकडे असतात, ती बाजू पुढे. शेतात आधी रेडिओ चालू, मग विमानाची बॅटरी. बंद करताना नेमकं उलट.

लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीचे लाड करावे लागतात. तीन सेलची बॅटरी म्हणजे नावाला ११.१ व्होल्ट, पूर्ण भरली की दर सेलला ४.२ व्होल्ट. भरलेली बॅटरी आठवडाभर तशीच ठेवू नका, दर सेलला ३.८ वर आणून ठेवा. २२०० एमएएचची असेल तर २.२ अँपिअरवर चार्ज करा, आणि चार्जिंगला लावून बाजारात जाऊ नका. फुगलेली बॅटरी ‘अजून चालते की’ म्हणून वापरणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्याजवळ उभा राहत नाही.

उडवायचं सकाळी साडेसातच्या आत, वारा उठायच्या आधी, वाऱ्याकडे तोंड करून. फेकायला दुसरा माणूस असू द्या आणि त्याला सांगा, आडवं फेक, आभाळाकडे नको. शंभर-दीडशे फूट वर गेल्याशिवाय वळू नका. विमान तुमच्याकडे येऊ लागलं की डावं-उजवं उलटं वाटतं. तेव्हा जो पंख खाली गेलाय, त्याच बाजूला स्टिक द्या. हे डोक्यात नव्हे, बोटांत उतरावं लागतं, त्यासाठी आधी चार संध्याकाळी संगणकावरच्या सिम्युलेटरवर घालवा. टायमर पाच मिनिटांचा लावा. आणि पडतंय असं दिसलं की सगळ्यात आधी थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, शून्य. अडकलेली मोटर ईएससी, म्हणजे तिचा वेग सांभाळणारं सर्किट, जाळते.

जागा बघताना विमानतळ किती लांब आहे ते पाहा. ड्रोन नियम, २०२१ आपल्यालाही लागू आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच परवानगी लागते, त्याहून जवळ तर विचारच नको. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, म्हणजे परवानगी न लागणारा, भाग बघून घ्या. तिथेही ४०० फुटांपर्यंतच, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. ज्वारी काढलेलं रान उत्तम. ढेकळं असली तरी चालतील, पण ऊस नको.

ऊस का नको, तर त्या सकाळी आम्ही दीड तास फडात होतो. पात्यांनी हात चिरलेले, पाचटात पाय अडकतोय, चार सऱ्या आत गेलं की दिशा कळत नाही. आवाज ऐकून रानाचा मालक बांधावर आला.

‘काय हुडकताय?’

‘विमान.’

तो थोडा वेळ गप्प राहिला. ‘पुढच्या महिन्यात तोड हाय. घावंल की.’

शेवटी भाच्याला बांधावर उभं करून रेडिओची स्टिक हलवायला लावली. बॅटरी अजून जोडलेली होती. आत मी श्वास धरून ऐकतोय. किर्र... किर्र... सर्व्होचा आवाज. मी छातीठोकपणे दाखवत होतो त्या जागेपासून चाळीस पावलं लांब. नाक चेपलेलं, एक पंख निखळलेला, पण धड शाबूत.

बाहेर आल्यावर मालकानं ते दोन्ही हातांत घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, वजनाचा अंदाज घेतला आणि विचारलं, ‘कितीला पडलं?’