अस्वलाचा जबडा आणि लोण्याचा ठसा

अस्वलाच्या जबड्यात अक्रोड धरायचा, दोन्ही दांडे मुठीत आवळायचे, की कवच कडकन फुटतं. तपासणीला आलेल्या पेटीत अस्वलाच्या आकाराचं हे लाकडी अवजार होतं. सोबत टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या आकाराचा बूच काढायचा स्क्रू आणि लोण्यावर नक्षी उठवायचा गोल ठसा. मालकीणबाईंचा प्रश्न एकच, "हे सगळं हातानंच कोरलेलं आहे ना?"

जुन्या लाकडी वस्तूंची पारख आणि डागडुजी हे माझं काम. अस्वलाबद्दल शंकाच नव्हती. केसांची प्रत्येक रेघ कमीजास्त खोल, कानामागे पटाशीचा ओरखडा तसाच राहिलेला. स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्झ गावात १९व्या शतकापासून अशी अस्वलं कोरतात. १८८४ पासून तिथे कोरीवकामाची शाळाही आहे. कारागिराची खूण मात्र कुठे नव्हती, म्हणून अहवालात 'त्या धाटणीचं' एवढंच लिहिलं.

म्हाताऱ्यानं वेळ घेतला. रंग लाकडाचा, सुरकुत्या सुरेख. पण लाकडाच्या रेषा कुठेच सापडेनात. कडेनं साच्याची बारीक शिवण गेलेली आणि टवका उडाला होता तिथला पोत बिस्किटासारखा. लाकडाचा भुसा चिकट द्रव्यात कालवून साच्यात दाबलेली वस्तू होती ती. अमेरिकेत सिराक्यूज शहरात १८९० मध्ये सुरू झालेल्या 'सिरोको' कंपनीनं असा माल भरपूर काढला. बाई हिरमुसल्या. मी म्हटलं, "साचा घ्यायला मूळ म्हातारा कुणीतरी कोरलाच असेल की!" हे मी समजूत घालायला म्हटलं नाही, तो चेहरा मला खरंच आवडला होता.

ठशावर मात्र मी रमलो. व्यास मोजायचा कॅलिपर लावला तर लाकडाच्या रेषांच्या दिशेनं ९२ मिलिमीटर, आडवा ८९. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कापायच्या यंत्रावर, गोल उतरवलेलं लाकूड सुकताना रेषांना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. ओलं लाकूड असेल तर हे लवकरही घडतं, त्यामुळे नुसत्या अंडाकारावरून वय ठरवता येत नाही. म्हणून दिवा आडवा धरला. मान वळवून मागे बघणारी गाय, गळ्यात घंटा, आणि वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या खाचांच्या कडा. ती झीज मला जास्त बोलकी वाटली.

बाईंना तिन्ही वस्तू घासून पॉलिश करून हव्या होत्या. मी साफ नकार दिला. पॉलिश पेपर फिरवला की आधी जाईल ती गाय. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडली, अस्वलाच्या सांध्यातली ढिली खुंटी बसवली आणि बजावलं, "उन्हात ठेवू नका, पाण्यात घालू नका, आणि अक्रोड दुसऱ्या कशानं तरी फोडा."