टाळी आधी दिसते, आवाज नंतर येतो

आईच्या मंगळागौर ग्रुपचा कार्यक्रम श्रावणात पार्ल्यात झाला, एका हॉलमध्ये, सलग ४२ मिनिटं, १७ जणी नऊवारीत, आणि शूटिंगला आमचेच तीन मोबाईल. एडिटिंग मी करते असं मीच सांगितलं होतं. घरी आल्यावर तिन्ही फाईली लॅपटॉपवर घेतल्या, सरळ टाइमलाइनवर टाकल्या आणि कापाकापीला बसले.

सुरुवातीची फुगडी वगैरे एकदम व्यवस्थित. शेवटी झिम्मा होता, आणि तिथे बघते तर हात एकमेकींच्या हातावर आपटतायत आणि टाळीचा आवाज येतोय मागाहून, जवळजवळ अर्धा सेकंद उशिरा. झिम्म्याचा सगळा जीवच त्या टाळीत असतो हो, आणि या बायकांनी दोन महिने दर रविवारी जिन्याखालच्या जागेत तालीम केलेली, त्यांना असा बेताल व्हिडिओ दाखवायचा कसा?

आधी वाटलं आवाज थोडा मागे सरकवला की झालं. शेवट जुळला, तर सुरुवात बिघडली. म्हणजे आवाज ठराविक अंतराने चुकत नव्हता, हळूहळू घसरत होता. मग मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात फाईल उघडली आणि उत्तर तिथेच लिहिलेलं होतं, फ्रेम रेट मोड: व्हेरिएबल. मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० स्थिर चित्रं, म्हणतो खरा पण उजेड कमी झाला किंवा फोन तापला की सेकंदाला कमी फ्रेम घेतो, नंतर परत वाढवतो. फोनच्या प्लेयरला चालतं, कारण प्रत्येक फ्रेम कधी दाखवायची ती वेळ फाईलमध्ये लिहिलेली असते. पण बरीच एडिटिंग सॉफ्टवेअर धरून चालतात की फ्रेमा एकसारख्या अंतरानेच येणार, आणि चित्र नि आवाजाची फारकत होते.

उपाय सोपा आहे, फक्त एडिटिंगच्या आधी करायचा. हँडब्रेक नावाच्या फाईल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल घेतली, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ३० आणि त्याखाली कॉन्स्टंट (म्हणजे एकसारखा) निवडलं, आरएफचा आकडा १६ वर आणला (हा आकडा जितका कमी तितकी क्वालिटी चांगली आणि फाईल मोठी), आणि रात्रभर लावून ठेवलं. आपल्याकडे टीव्ही २५ फ्रेमवर चालतो म्हणून काहीजण सगळंच २५ करायला सांगतात, ते मला पटत नाही, ३० चं शूटिंग २५ वर आणलं की मधल्या फ्रेमा गळतात आणि गोल फिरणाऱ्या बायका झटके खात फिरल्यासारख्या दिसतात.

दुसरी फाईल मावशीच्या आयफोनची. ती तालात होती पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर अडकत अडकत चालायची. आता ही पण एमपी४सारखीच दिसते मग वेगळं काय, तर एमपी४ किंवा एमओव्ही हा नुसता डबा, आत भाजी कुठली ते कोडेकवर, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीवर. आत होतं एच २६५. यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत, एक पूर्ण आणि मग पुढे काय बदललं तेवढंच, त्यामुळे जागा वाचते पण तुम्ही मध्येच कुठेतरी कट मारला की बिचाऱ्या लॅपटॉपला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळं जुळवत यावं लागतं. म्हणून शटर एन्कोडर या तसल्याच सॉफ्टवेअरमध्ये तिची प्रोरेस ४२२ (हा दुसरा कोडेक) करून घेतली, त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. लॅपटॉप लगेच मोकळा चालायला लागला. फाईल मात्र ४६ जीबीची झाली, ४२ मिनिटांची! आणि एवढी मोठी झाली म्हणून चित्र जास्त सुंदर होत नाही, मूळ फाईलमध्ये नव्हतं ते कुठून येणार. डिस्कवर जागा नसेल तर प्रोरेस प्रॉक्सी (म्हणजे कामापुरती हलकी प्रत) करा, त्यावर एडिट करा आणि शेवटी मूळ फाईली जोडून एक्स्पोर्ट करा.

तिसरी क्लिप काकूने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली होती, ती आधीच इतकी दाबलेली की कुठल्याही फॉरमॅटमध्ये नेली तरी चेहरे धूसर ते धूसरच. कृपा करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एवढंच सांगेन.

आणि एक चौथी फाईल आली जिची मला कल्पनाच नव्हती. आजीच्या वेळचा, व्हीएचएसवरून कोणीतरी डीव्हीडीवर उतरवलेला मंगळागौरीचा व्हिडिओ. व्हीओबी फाईल, ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड. म्हणजे सेकंदाला ५० अर्ध्या प्रतिमा, एक सम ओळींची एक विषम ओळींची. अशी फाईल तशीच घेतली की स्थिर माणूस नीट दिसतो पण फुगडी सुरू झाली की हातांना आणि पदराला कंगव्याचे दात फुटतात. हँडब्रेकमध्येच डीइंटरलेस आहे, त्यात बॉब निवडलं की त्या ५० अर्ध्यांच्या ५० पूर्ण फ्रेमा होतात आणि हालचाल मऊ राहते.

काल रात्री आईला दाखवलं. आजी फुगडी घालतेय तिथे आईने थांबवायला सांगितलं, थांबवलं तर नऊवारीचा काठ सरळ, स्वच्छ, एकही दात नाही. आई म्हणाली, हा काठ हिरवा होता गं, मी इतकी वर्षं निळा समजत होते.