अमळनेर–जळगाव–भुसावळ: बेसच्या पिकअपसाठी तीन फेऱ्या

जुन्या धाटणीच्या बेस गिटारला नवे पिकअप (तारेचा कंप विजेत उतरवणारं, तारांखालचं चुंबक आणि कॉइल) बसवायला निघाला असाल, तर मल्टीमीटरच्या आधी होकायंत्र खिशात टाका. साधं, सुईचं, प्लॅस्टिकचं चालतं. मोबाईलमधलं नको, चुंबकाजवळ नेलं की ते भरकटतं. ही एक वस्तू माझ्याजवळ असती तर माझे साडेआठ हजार रुपये आणि दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

बेस जॅझ पद्धतीचा आहे, साठच्या दशकाच्या नमुन्यावर बनवलेला. दोन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन. मूळचा जॅझ बेस फेंडरने 1960 मध्ये आणला आणि दोन पिकअपची ती रचना आजही चालते. माझ्या बेसचा मानेकडचा पिकअप आतून तुटला, आवाज येई-जाई. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा आठवडा होता, आमच्या ऑर्केस्ट्राला लग्नांच्या तारखा लागून होत्या, हळदीचे कार्यक्रम एकामागून एक. थांबणं शक्य नव्हतं.

पहिली फेरी सकाळच्या पॅसेंजरने. अमळनेर ते जळगाव तासाभराचा प्रवास, धरणगावनंतर गर्दी. बेस मऊ बॅगेत असेल तर वरच्या फळीवर ठेवू नका, वर लोक गोण्या रचतात. मी पायांमध्ये उभा धरून गेलो, आणि तेच बरोबर.

जळगावातल्या दुकानदाराने जोडी दाखवली. "भाऊ, अल्निकोचा विंटेज सेट आहे, डोळे झाकून घ्या. सत्तरच्या दशकाचा आवाज मिळेल." अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचं चुंबक. किंमत 6,800. बसवायचे 1,200 वेगळे. पाच-सहा सोल्डरचे बाराशे रुपये! तेव्हाच उठायला हवं होतं. सत्तरच्या आवाजाचं बोलणंही खोटं. त्या काळात फेंडरने ब्रिजकडचा पिकअप ब्रिजच्या (तारा बेसच्या अंगावर जिथे टेकतात त्या पट्टीच्या) दिशेने साधारण एक सेंटिमीटर सरकवला होता. त्या काळच्या आवाजातला कडकपणा जागेमुळे येतो. पिकअपचा लाकडातला खड्डा जिथे आहे तिथेच राहणार असेल, तर कुठलाही पिकअप त्या जागेचा आवाज देणार नाही.

संध्याकाळी पारोळ्याला कार्यक्रम. लॉनवर डिमरचे दिवे, बाजूला जनरेटर. बेस लावला आणि स्पीकरमधून घूंऽऽ सुरू झालं. सिंगल कॉइल एकटा असला की हे होणारच. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, तिची घरघर कॉइल पकडते. जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (मानेवरच्या तिसऱ्या आडव्या पट्टीचा) जी सूर 49 हर्ट्झचा असतो, म्हणजे घरघर जवळजवळ त्याच सुरात, किंचित बेसूर. गाणं जी मध्ये असलं की जीव नकोसा होतो. पण जॅझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की ही घरघर मरायला हवी, कारण दुसरा पिकअप पहिल्याच्या उलटा गुंडाळलेला असतो आणि त्याचं चुंबकही उलटं असतं. माझी मेली नाही.

दुसरी फेरी. दुकानदाराने एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली, 500 रुपये घेतले. घरघर गेली! मी खूश होऊन परतलो, गाडीतून ऑर्केस्ट्रातल्या दोघांना फोनही केले. रात्री एरंडोलला पहिल्याच गाण्यात ढोलकीवाला वळून बघायला लागला. बेसमधला बेसच गायब. पातळ, नाकातून बोलल्यासारखा आवाज. एकेक पिकअप वेगळा लावला तर ठीक, दोन्ही उघडले की पोकळ. पूर्ण कार्यक्रम एकाच पिकअपवर काढला, घरघरीसकट.

तिसरी फेरी भुसावळची, जळगावच्या पुढे पंचवीसेक किलोमीटर. रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक काका आहेत असं कीबोर्डवाल्याकडून कळलं. दुपारी एक वाजता भुसावळला उतरलो. मे महिन्यात दुपारी भुसावळला जाऊ नका, काहीही काम असो. पाठीवर बेस, डोक्यावर रुमाल, रिक्षा नाही, वाटेत दोनदा सावलीला बसावं लागलं. बंद गाडीत तर बेस अजिबात ठेवू नका. पिकअपची कॉइल मेणात बुडवलेली असते, त्या उष्णतेत मेण मऊ पडतं.

काकांनी आधी पाणी दिलं. मग तारा सैल करून दोन्ही पिकअप वर काढले आणि ड्रॉवरमधून होकायंत्र काढून एकेका पिकअपवर धरलं. दोन्ही वेळा सुईचं तेच टोक खाली ओढलं गेलं.

"भो, हे दोन्ही एकाच जातीचे आहेत. जोडी नाहीच ही."

मानेकडचे दोन पिकअप मला सेट म्हणून विकले होते. दोन्हींची गुंडाळी एकाच दिशेची, चुंबकंही सारखी. म्हणून आधी दोन्हींतला तारांचा आवाज जुळत होता, घरघर मात्र जात नव्हती. वायरी उलट्या केल्यावर घरघर एकमेकींना मारू लागली, पण त्याचबरोबर तारांचा आवाजही एकमेकांना मारू लागला. घरघर चुंबकाकडे बघत नाही, फक्त गुंडाळीची दिशा बघते. तारेचा आवाज मात्र दोन्हींवर ठरतो. अख्खा घोळ एवढ्यात होता.

मग काकांनी पिकअप उलटा करून दाखवला. तळाला काळी सपाट पट्टी चिकटवलेली. तो सिरॅमिक चुंबक, वरच्या दांड्या नुसत्या लोखंडाच्या. अल्निकोच्या पिकअपमध्ये दांड्या स्वतःच चुंबक असतात, खाली पट्टी नसते. सिरॅमिक वाईट नाही, त्याचा आवाज थोडा कडक आणि धारदार असतो, कुणाला तोच हवा असतो. अल्निको सांगून तो विकणं ही फसवणूक आहे.

पण त्या पट्टीमुळेच सुटका झाली. काकांनी एका पिकअपची पट्टी पातळ पात्याने हळूच सोडवली, उलटी करून पुन्हा चिकटवली. वायरी दुकानदाराने बदलल्या होत्या तशाच ठेवल्या. दोन्ही व्हॉल्यूम उघडले. घरघर नाही, आणि बेस भरून आला! तीनशे रुपये घेतले, तेही मी आग्रह केल्यावर. परतीच्या गाडीत मला उभं राहायलाही त्रास वाटला नाही. अल्निकोच्या दांड्यांवर हा उद्योग करू नका. जुन्या पद्धतीत कॉइल थेट दांड्यांवर गुंडाळतात, दांडी हलवली की केसाएवढी तार तुटते.

तरी लांबीचा दोष उरलाच. तारा ब्रिजकडे पसरत जातात, म्हणून फेंडरच्या मापात ब्रिजकडचा पिकअप दोन-तीन मिलिमीटरने लांब असतो. माझ्याकडे दोन्ही आखूड, त्यामुळे कडेची ई आणि जी तार हलकी ऐकू येते. काही स्वस्त बेसमध्ये मुळातच दोन्ही सारख्या मापाचे असतात. म्हणून निघण्याआधी दोन्ही खड्ड्यांचा कागदावर ठसा घ्या, स्क्रूची भोकं त्यात दाखवा, आणि तो कागद काउंटरवर ठेवूनच बोला.

दुकानात हे करा. होकायंत्र दोन्हींवर धरा, सुईची वेगवेगळी टोकं ओढली गेली पाहिजेत. पिकअप उलटा करून तळ बघा. मल्टीमीटर लावा, जुन्या धाटणीच्या जॅझ पिकअपचा रोध साधारण 7 ते 8 किलोओहम येतो. फार जास्त आला तर तो जास्त वेढ्यांचा, जोरकस पिकअप असतो आणि वरचा मोकळा आवाज दबतो. जुना आवाज हवा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: अल्निको 5, कॉइलला 42 गेजची तार, 250 किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे), टोनला 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. दुसरं काही ऐकून घेऊ नका.

मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून जुना पिकअप गुंडाळून घ्यायचा विचार इथे प्रत्येकाला सुचतो, मलाही सुचला होता. पाणबुडी मोटरीची तार आणि 0.06 मिलिमीटरची तार यांत फार अंतर आहे. सोडून द्या.

आणखी एक. तारांना हात लावताच घरघर थांबत असेल तर पिकअपला दोष देऊ नका आणि नवा घेऊ नका. शिल्डिंगकडे बघा, आतल्या खड्ड्यांना तांब्याची पट्टी लावून ती अर्थिंगला जोडा. हात लावून काहीच फरक पडत नसेल, तर ब्रिजखालची अर्थिंगची तार तुटलेली नाही ना, ते आधी तपासा.

हंगाम संपल्यावर मुंबईहून खरा अल्निको सेट मागवला, काकांनीच बसवला. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ई खाली साधारण तीन मिलिमीटर आणि जी खाली अडीच मिलिमीटर अंतर ठेवलं आहे. त्या दिवशी भुसावळला बहिणीकडे मुक्काम केला, सकाळच्या गाडीने परत. जुनी जोडी घरी डब्यात आहे. कुणाला फरक हाताळून बघायचा असेल तर अमळनेरला या, होकायंत्रही तिथेच ठेवलं आहे.