जुनं सीझेड ७५ की नवं? न्यू जर्सीतल्या पिस्तूल खरेदीचा माझा अनुभव

न्यू जर्सीत पिस्तूल घ्यायचं तर दुकान सगळ्यात शेवटी लागतं, आधी लागतं गावचं पोलीस स्टेशन. ग्रीन कार्ड झाल्यावर मी अर्ज टाकला. बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला लेखी संमती आणि ओळखीच्या दोघांची नावं. मराठी मंडळातल्या एका काकांचं नाव दिलं, तर पोलिसांनी विचारलं त्यापेक्षा जास्त प्रश्न काकांनीच मला विचारले. इथे परमिट प्रत्येक पिस्तुलाला वेगळं लागतं आणि त्याची मुदत ९० दिवस. वाढवून मिळते, पण मला परमिट खिशात ठेवून चर्चा करत बसायचं नव्हतं. म्हणून वाट बघण्याच्या काळातच जुनं-नवं याचा निकाल लावायचं ठरवलं.

कंपनी पक्की होती. चेक बनावटीचं सीझेड ७५, नऊ मिलिमीटर. कोउत्स्की बंधूंनी आरेखन केलेलं, १९७५ साली जगापुढे आलेलं, उहेर्स्की ब्रोदच्या कारखान्यातलं. गंमत अशी की तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या सैन्याला नाटोवाल्यांची ही गोळी चालणार नव्हती. पिस्तूल मुख्यतः निर्यातीसाठीच केलेलं. शीतयुद्धात अमेरिकेत मात्र ते फार थोडं पोचलं, आणि दुर्मिळतेमुळे त्याच्याभोवती एक वलय तयार झालं. ते वलय अजून उतरलेलं नाही. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, कुणापुढेही ‘प्री-बी’ म्हणा, समोरचा हळवा होतो.

प्री-बी म्हणजे नव्वदच्या दशकात ‘७५ बी’ येण्याआधीचं. बी मध्ये फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर ठोका देणारी पिन) अडवणारा ब्लॉक आला: ट्रिगर पूर्ण मागे ओढल्याशिवाय पिन पुढे सरकूच शकत नाही. जुन्यात हा अडसर नाही. भरलेलं पिस्तूल नळीच्या तोंडावर जोरात आपटलं, तर पिन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊन गोळी सुटण्याची शक्यता राहते.

रेंजवर भाड्याने ७५ बी मिळत होतं, आणि तिथल्या एका जुन्या सभासदाकडे ऐंशीच्या दशकातलं प्री-बी होतं. पिस्तुलावरच्या सिंह आणि ‘एन’ अक्षराच्या चाचणी-छापाशेजारी दोन आकडे असतात, ते वर्ष. पिस्तुलाचं वय विचारायची गरज पडत नाही. गृहस्थ उदार. गोळ्यांचा एकच डबा दोन्ही पिस्तुलांत वाटून मी आलटून पालटून नेम धरले.

हातात घेतल्यावर दोन्ही सारखीच वाटतात. स्लाइड, म्हणजे मागेपुढे सरकणारा वरचा भाग, फ्रेमच्या (खालच्या सांगाड्याच्या) आतून सरकते, ही सीझेडची खूण दोन्हींतही आहे; त्यामुळे स्लाइडची उंची कमी राहते आणि मूठ हाताला अगदी चिकटून बसते. जुन्याचा रंग काही ठिकाणी उडालेला, आतलं यंत्रकाम काही ठिकाणी ओबडधोबड. ‘जुनं म्हणजे जास्त निगुतीने घडवलेलं’ ही समजूत मला तरी त्या पिस्तुलात दिसली नाही.

ट्रिगरला मात्र फरक आहे आणि तो भ्रम नाही. हॅमर (मागचा घोडा) आधी चढवून ओढलं की जुन्याचा ट्रिगर स्वच्छ सुटतो. नव्यात मध्ये थोडी खरखर, कारण बोट तिथे ब्लॉकही उचलत असतं. सुटल्यावर ट्रिगर परत बसायला नव्यात किंचित जास्त अंतर लागतं. लोक ज्याला ‘जुन्या पोलादाची जादू’ म्हणतात, ती माझ्या मते एवढीच: एक भाग कमी. कागदावर मात्र माझ्या गोळ्या दोन्हींनी सारख्याच विखुरल्या. तिथे माझं मनगट पिस्तुलापेक्षा निर्णायक होतं!

घरी आल्यावर बायकोने एकच विचारलं, “अहो, पडलं तर काय?” कपाट कुलूपबंद असणार, गोळ्या वेगळ्या, हे सगळं मी सांगितलं. पण घरात लहान मूल असताना तो ब्लॉक मला खरखरीपेक्षा मोलाचा वाटला. शिवाय प्री-बीचे काही सुटे भाग बी शी जुळत नाहीत, आणि हौशी लोकांमुळे किंमत नव्याच्या वर. मला कपाटात ठेवून बघायचं नव्हतं, दर शनिवारी वापरायचं होतं. नवं घ्यायचं ठरलं.

दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म. नागरिकत्व नसेल तर एलियन नंबर लिहावा लागतो. ग्रीन कार्ड बरोबर ठेवा. पार्श्वभूमीची तपासणी इथे राज्य पोलिसांमार्फत होते, त्यामुळे दुकानदाराने ‘फोन करू’ म्हणून परत पाठवलं तर घाबरू नका. पिस्तूल रिकामं, कुलूपबंद पेटीत, गाडीच्या डिकीतून घरी न्यायचं.

आणखी एक. ७५ बी चं नेहमीचं मॅगझिन सोळा गोळ्यांचं असतं, पण न्यू जर्सीत मर्यादा दहाची. दुसऱ्या राज्यातून मागवत असाल तर दहाचंच मॅगझिन हवं, हे विक्रेत्याला आधी लेखी कळवा. घरी रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगरचा सराव करणार असाल, तर नकली काडतुसं त्याच दिवशी घ्या. फायरिंग पिनला जागेवर धरणारी बारीक, पोकळ रोल पिन सततच्या कोरड्या ठोक्यांनी वाकते किंवा तुटते.