घाटातला ड्रायव्हर, पिवळा डोंगर

आमच्याकडे अमेरिकेत येणारे आई-वडील बहुतेक मे-जूनमध्ये येतात आणि गणपतीच्या आत परततात. बाबांचं परतीचं तिकीट मात्र मी हट्टाने ऑक्टोबरचं काढलं. कोलोरॅडोत इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय की, इथला खरा ऋतू सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो. डोंगरातले अ‍ॅस्पेन नावाचे वृक्ष पिवळे होतात आणि एखादं जोराचं वारं आलं की सगळं झडून जातं. तेवढाच काय तो वेळ.

अडचण एकच होती. प्रोस्टेटच्या त्रासामुळे बाबांना तासा-दीड तासाला बाथरूमला जावं लागतं. इथे डोंगरातल्या रस्त्यांवर मैलोन् मैल काही नसतं. ‘माझ्यामुळे गाडी थांबवायला नको’ म्हणून त्यांनी साताऱ्यातही लांबचे प्रवास बंद केले होते. ज्या माणसाने आयुष्यभर एसटी चालवली, आंबेनळी घाटात भर पावसात माणसं सुखरूप उतरवली, तो माणूस घरी बसून होता. म्हणून आम्ही मोटरहोम भाड्याने घेतलं. पंचवीस फुटांचं, फोर्डच्या व्हॅनवर बांधलेलं. आत पलंग, प्रोपेनची शेगडी, फ्रिज, हीटर आणि संडास. चालवायला साधं कारचं लायसन्स पुरतं.

डेन्व्हरहून २८५ नंबरच्या रस्त्याने निघालो. नवरा स्टिअरिंगवर, बाबा शेजारी. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे बाबांची जागा उजवीकडे, जिथे बसून त्यांनी आयुष्यभर गाडी हाकली तिथेच. केनोशा पासला, म्हणजे खिंडीत, दहा हजार फुटांवर, पहिली पिवळी झाडं दिसली. पुढे मोनार्क पास ११,३१२ फुटांचा. उतार लागायच्या आधीच बाबा म्हणाले, “जावईबापू, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.” ऑटोमॅटिक गाडीतही तेच करायचं असतं. टो-हॉल मोड, म्हणजे जड ओझ्यासाठी गाडीत दिलेली सोय, लावला की गाडी खालच्या गिअरला येते आणि इंजिन तिला धरून ठेवतं. इतकं वजन नुसत्या ब्रेकवर उतरवलं तर ब्रेक तापून निकामी होतात. उताराच्या शेवटी बाबांनी मान डोलावली. इतका वेळ कुणीही त्यांना ‘बरं वाटतंय ना’ असं विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. हवं तेव्हा बाजूच्या मोकळ्या जागेत गाडी उभी राहायची, बाबा उठून मागे जाऊन यायचे, की पुन्हा रस्ता.

गनिसनला रात्री पाणी गोठेल इतकी थंडी होती. अशा वेळी मुक्कामाच्या जागेतल्या नळाला जोडलेला गाडीचा पाइप गोठू नये म्हणून संध्याकाळीच काढून ठेवायचा आणि गाडीच्या टाकीतलं पाणी वापरायचं.

मुक्कामाची जागा मी बाबांचं वय बघून निवडली. सिल्व्हर्टन गाव सुंदर आहे, पण ते ९,३१८ फुटांवर, तिथे हवा विरळ. तिथे झोपवण्यापेक्षा रिजवे स्टेट पार्कमध्ये राहिलो, सात हजार फुटांच्या आसपास. फिरायचं उंचावर, झोपायचं खाली. त्याआधी बाबा डेन्व्हरमध्ये काही आठवडे राहिले होते आणि डॉक्टरांशी बोलणंही झालं होतं. इतक्या उंचीवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. घरचा कुकर नेला होता म्हणून आमटी-भात झाला. शिट्ट्या मात्र नेहमीपेक्षा जास्त लागल्या.

रिजवेजवळच्या डॅलस डिव्हाइडवरून स्नेफल्सचं शिखर दिसतं, आणि त्याच्या पायथ्याशी अ‍ॅस्पेनचे पट्टे. एक पट्टा हिरवा, शेजारचा लिंबाच्या पिवळ्या रंगाचा, त्याच्या वर एक नारिंगी. बाबांना प्रश्न पडला की एकाच उतारावर असं का. कारण अ‍ॅस्पेन जमिनीखालच्या मुळांतून नवे कोंब काढत पसरतो. शेकडो खोडं दिसतात, पण मूळ एक आणि झाडही एकच. म्हणून तो पूर्ण पट्टा एकदमच रंग बदलतो. शेजारच्या युटा राज्यात ‘पांडो’ नावाचं असं एक झाड आहे, जवळजवळ ४७,००० खोडांचं. झाडीत शिरलो तर वाऱ्याची झुळूकही जाणवत नव्हती, आणि तरी पानं हलत होती. अ‍ॅस्पेनचा देठ चपटा असतो, म्हणून पान जरा हवा लागली की थरथरतं. “आपल्या पिंपळासारखं,” बाबा म्हणाले, आणि एका पांढऱ्या खोडाला हात लावून बराच वेळ उभे राहिले.

रेड माउंटन पासला मोटरहोम नेलं नाही. मुलगी बोल्डरहून तिची कार घेऊन आली होती, तीच काढली. युरे ते सिल्व्हर्टन या रस्त्याला मिलियन डॉलर हायवे म्हणतात. कित्येक ठिकाणी कठडा नाही आणि खाली सरळ दरी. दक्षिणेकडे जाताना आपण दरीच्या बाजूला असतो, परतताना डोंगराच्या. मोटरहोमवाले या रस्त्याने जातात, पण गाडीत वयस्कर माणूस आणि हाताशी कार असताना मला त्यात शहाणपण वाटत नाही. कठडा का नाही, तर हिवाळ्यात बर्फ ढकलायला कड मोकळी लागते, हे बाबांना लगेच पटलं. खाणींसाठी इथे पहिला टोल रस्ता १८८० च्या दशकात ऑटो मिअर्सने काढला, असं नातीने सांगितलं. “सुरुंग लावून, हाताने?” बाबा पुन्हा पुन्हा कातळाकडे बघत होते. त्या दिवशी त्यांनी झाडांपेक्षा रस्ताच जास्त पाहिला. मला त्याचाच आनंद झाला.

मागची टाकी रिकामी करण्याचं काम अनेकांना नकोसं वाटतं. हातमोजे घाला, आधी संडासाची टाकी सोडा, मग मोरीच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. थोड्या वेळाचं काम आहे, आणि त्याच्या बदल्यात बाबांना जे मिळालं त्यापुढे ते काहीच नाही.

तुमचे आई-वडील पुढच्या वर्षी येणार असतील तर तिकीट काढतानाच हा विचार करा. इथल्या स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या जागेसाठी मार्चअखेरीस कॉम्प्युटरपुढे बसावं लागेल. विजेची जोडणी असलेली जागाच घ्या. रात्रभर हीटरचा पंखा चालतो आणि म्हाताऱ्या माणसांना थंडीत झोप लागत नाही.